आमचा फ्रिज चावतो

आमचा फ्रिज चावायला लागला तेव्हा आषाढ होता. हरसूलचा आषाढ ज्याने पाहिला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. वाघेऱ्याच्या बाजूने आलेला ढग कौलांवर जो मुक्कामाला बसतो तो पोळ्यापर्यंत उठायचं नाव घेत नाही, काडेपेटी पेटत नाही, पापड चघळावे लागतात, भिंतीला टेकलं तर भिंतीचा निम्मा चुना सदऱ्यावर येतो, आणि स्वयंपाकघरातली फरशी अशी घामेजलेली असते की तिलाच ताप भरलाय असं वाटावं. अशा हवेत माणूस चिडका होतो. फ्रिजही झाला असेल, असं मी म्हटलं.

"अहो, फ्रिज चावतोय," ही म्हणाली.

मी लगेच उठलो. घरच्या प्रश्नात मी लगेच उठतो, घोळ त्यानंतर सुरू होतो. फ्रिजच्या दारावर हात ठेवला, वर फिरवला, खाली फिरवला, बाजूने फिरवला, शेवटी त्याला दोन्ही हातांनी कवटाळून पाहिलं. काही नाही. "मनाचे खेळ आहेत तुझ्या," मी म्हटलं आणि पेपर उघडला. इथे वाचकांना एक बारीकशी माहिती द्यायची राहिली. टाचा दुखतात म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मी घरात चोवीस तास जाड रबरी स्लिपर घालून हिंडतो, आणि ही मात्र स्वयंपाकघरात देव्हारा असल्यामुळे जन्मात कधी तिथे चप्पल घालून शिरलेली नाही. रबरातून वीज वाहत नाही, हे मी एकदा विज्ञानाचे सर रजेवर असताना सातवीच्या वर्गाला शिकवलेलंसुद्धा आहे. तशी माझी सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक निवेदन केलं. "मिक्सर लावला की थोडा चावतो. बादलीत रॉड टाकला की कचकून चावतो. दोन्ही बंद असले की गप्प असतो." हे वाक्य वाचकांनी जपून ठेवावं, कारण सगळं निदान त्यात होतं. मी ते नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि चहा मागितला. रॉड लावला की माजघरातला बल्ब पिवळा पडत होता, त्याचं खापर मी पावसावर फोडलं. मीटरच्या बाजूने अधूनमधून करपल्यासारखा वास येत होता, तो मी खुरासणीच्या चटणीच्या नावावर लिहिला. चटणी त्या आठवड्यात झालीच नव्हती.

शेवटी वायरमनला फोन केला. तो माझा जुना विद्यार्थी. "गुरुजी, आवणी चाललीय. चार दिवस मी चिखलातून वर निघत नाही. तवर दोन गोष्टी करा. फ्रिजची पिन काढून ठेवा, आणि कशाला हात लावू नका." सूचना दोनच होत्या आणि सोप्या होत्या. परीक्षेला अशा सूचना मी स्वतः मुलांना फळ्यावर लिहून देत आलो, आणि मुलांनी त्या वाचल्या नाहीत की त्यांना उभं करत आलो. मी दोन्ही पाळल्या नाहीत.

चार दिवस हातावर हात ठेवून बसायचं म्हणजे काय! घरात टेस्टर होता. तो स्क्रू फिरवायचा, मुठीत इवलासा दिवा असलेला टेस्टर मराठी माणसाच्या घरात असतोच. बहुधा डबे उघडायला असतो. मी तो प्लगच्या भोकात घातला. दिवा लागला नाही. दुसऱ्या भोकात घातला, तिसऱ्यात घातला, मग सबंध घरातले सगळे प्लग पालथे घातले आणि जाहीर केलं की आपल्या घरात कुठेच वीज येत नाहीये. डोक्यावर पंखा फिरत होता. हिने पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मागच्या टोपीवर अंगठा ठेवायचा असतो ना?"

ठेवायचा असतो. दिव्यातून येणारा प्रवाह पुढे आपल्या अंगातून जातो, म्हणजे मंडळ पुरं करायला माणूस लागतो. मध्ये दहा लाख ओहमच्या घरातला रोध बसवलेला असतो म्हणून आपल्याला काही कळत नाही इतकंच. दिव्यात निऑन वायू असतो. पॅरिसात 1910 साली जॉर्ज क्लोदने निऑनच्या नळ्या पेटवून लोकांचे डोळे दिपवले, अमेरिकेत 1917 साली मूर नावाच्या माणसाने त्याचा बोटाच्या पेराएवढा दिवा केला, आणि एवढी थोर परंपरा मी आजवर खोबरेल तेलाच्या डब्याचं झाकण उचकटायला वापरत होतो. असो. अंगठा ठेवून टेस्टर फ्रिजला लावला. दिवा लागला नाही.

"पाहिलंस? वीज नाही."

"दिवा लागला नाही तर मी ओरडायचं नाही, असं आहे का?"

तिचा प्रश्न शास्त्रीय होता हे मला पुढे कळलं. निऑनचा हा दिवा साठ ते नव्वद वोल्टच्या आसपास कुठेतरी जागा होतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला त्याहून कितीतरी कमी वोल्टला झिणझिण्या येतात. म्हणजे दिवा झोपलेला असताना बायको चावून घेत असू शकते. त्या वेळी मला एवढंच दिसलं की यंत्र माझ्या बाजूने आहे.

फोनवर हे सगळं ऐकून नाशिकच्या लेकीने एक नवं यंत्र एसटीच्या वाहकाकडे देऊन धाडलं. "बाबा, हे नुसतं प्लगमध्ये खोचायचं. तीन दिवे आहेत. कुठले लागतात ते मागच्या तक्त्यात बघायचं. बाकी काही करायचं नाही." घरातल्या सगळ्या बायका मला 'बाकी काही करायचं नाही' असं का सांगतात, याचा मी कधी विचार केलेला नाही.

यंत्र मोठं गोड होतं. तीन पिनांचा गठ्ठा, पोटावर ओळीने तीन दिवे आणि पाठीवर मुंगीच्या अक्षरात तक्ता. ती कुंडली वाचायला मी रात्रभर बसलो आणि सकाळपर्यंत मला ती मुखोद्गत झाली. आपल्याकडच्या प्लगला समोरून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, खाली उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. डावा दिवा न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये बसलेला, उजवा फेज आणि अर्थिंगच्या मध्ये, मधला फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये. ज्या दोन भोकांमध्ये दोनशे तीस वोल्टचं अंतर, त्यांच्या मधला दिवा लागणार. मधला आणि उजवा लागले, डावा विझलेला राहिला, तर सगळं ठीक. नुसताच मधला लागला तर अर्थिंग तुटलेलं. नुसताच उजवा लागला तर न्यूट्रल तुटलेला. डावा आणि मधला लागले तर फेज-न्यूट्रलची अदलाबदल. डावा आणि उजवा लागले तर फेज अर्थिंगच्या घरात जाऊन बसलेला, म्हणजे अष्टमात शनी. एकही लागला नाही तर एक तर फेज तुटला, नाही तर लाईट गेली. हरसुलात आषाढात दुसरं कारण आधी धरावं.

आता अडचण अशी की फ्रिजचा प्लग फ्रिजच्या मागे, आणि फ्रिज आणि भिंत यांच्या मध्ये जेमतेम वीतभर जागा. त्या जागेत माझा हात गेला, खांदाही गेला. पोटाने नकार दिला. यंत्र चाचपडत प्लगमध्ये खोचलं, पण दिवे दिसेनात. मग मला ती कल्पना सुचली, जिच्याबद्दल मी त्या दिवशी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली होती. हिचा पावडरच्या डब्यातला गोल आरसा आणला, हात लांब करून यंत्रासमोर धरला, बॅटरीचा झोत पाडला आणि आरशात पाहिलं. डावा आणि मधला लखलखत होते. उजवा विझलेला.

"सापडलं!" मी ओरडलो. "फेज आणि न्यूट्रल उलटे आहेत!"

तीसेक वर्षं मी मुलांना बिंब आणि प्रतिबिंब या शब्दांतला फरक शिकवला. आरशातलं डावं ते खरं उजवं असतं, एवढा एक मुद्दा राहून गेला.

पुढचं सगळं मी अतिशय काळजीपूर्वक केलं हे नमूद करतो. मेन स्विच पाडला. कोपरापर्यंत हात मागे घालून, निम्मं दिसत असताना आणि निम्मं अंदाजाने, प्लगचं झाकण खोललं. आत एक लाल तार, एक काळी तार, आणि न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थिंगच्या स्क्रूपर्यंत गेलेला एक बोटभर हिरवा तुकडा, त्याच्या मधोमध जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळलेली. हा तुकडा कंपनीनेच बसवलेला असावा म्हणून मी त्याला आदराने हात लावला नाही. लाल तार डावीकडे नेली, काळी उजवीकडे आणली, झाकण लावलं, मेन चढवला, आरशात पाहिलं.

डावा आणि मधला. उजवा विझलेला.

म्हणजे माझी मगाशी चूक झाली असणार, तारा हलवताना पुन्हा जिथल्या तिथेच लावल्या असणार. पुन्हा मेन पाडला, पुन्हा तारा बदलल्या. आरशात तेच. पुन्हा बदलल्या. तेच. ही पाठीमागे बॅटरी धरून उभी होती आणि दर खेपेला फक्त "हं" म्हणत होती. त्या "हं"चा सूर खेपेगणिक खाली उतरत गेला. आमच्या शाळेत एक मुलगा होता, त्याला काहीही विचारलं तरी तो "होय गुरुजी" म्हणायचा. ते तीन दिवे मला त्या मुलासारखे वाटायला लागले. शेवटी घाम पुसला, ठरवलं की यंत्रच बिघडलेलं आहे, आपण तारा चारदा बदलल्या म्हणजे सम संख्या, म्हणजे जसं होतं तसं झालं, आता फ्रिज लावून टाकावा. फ्रिजची पिन खोचली. मेन चढवायला निघालो, चढवला.

आणि लाईट गेली. सबंध गावाची गेली. कुठेतरी तारेवर फांदी पडली होती. त्या फांदीला मी त्या रात्री अंधारात चाचपडत, पाट्याला अंगठा ठेचत, भलतंसलतं बोललो. ते शब्द मी इथे जाहीरपणे परत घेतो.

सकाळी, अजून लाईट आली नव्हती, तेवढ्यात वायरमन आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं. आल्या आल्या त्याने काय केलं असेल? मेन पाडला. मग फ्रिजची पिन काढली. मग फ्रिजला एका हाताने धरून अलगद पुढे ओढला. फ्रिजला खाली चाकं आहेत हे मला पाच वर्षांत पहिल्यांदा कळलं.

दहाच्या सुमाराला लाईट आली. त्याने मेन चढवला आणि आमच्या यंत्राकडे समोरून, आरशाविना, माणसासारखं पाहिलं. मधला आणि उजवा लागले होते. "हे तर ठीक दाखवतंय, गुरुजी." मी आरशाची हकिकत सांगितली. तो हसला नाही. विद्यार्थी चांगला होता माझा. "आरशात उजव्याचं डावं होतं," एवढंच खाली बघून म्हणाला.

"मग सगळं ठीक आहे म्हणायचं?"

"हे तीन दिवे आपसातलंच बोलतात. बाहेरचं त्यांना काही माहीत नसतं." आणि त्याने पिशवीतून स्वतःचं यंत्र काढलं. एक होल्डर, त्यात साठचा बल्ब, होल्डरमधून निघालेल्या दोन वायरी. बस्स. एक वायर लांब जोडून त्याने बाहेर मीटरपाशी जमिनीत गेलेल्या अर्थिंगच्या तारेला लावली, आणि दुसरीचं टोक आमच्या प्लगच्या अर्थिंगच्या, वरच्या मोठ्या, सगळ्यात निरुपद्रवी भोकात घातलं.

बल्ब लख्ख पेटला.

कोणी काही बोललं नाही. पावसाचा आवाज तेवढा येत होता. अर्थिंगच्या भोकात फेज होता, आणि अर्थिंगच्या पिनेला फ्रिजचा अख्खा पत्रा जोडलेला असतो. फांदी पडली नसती तर मेन चढवल्या क्षणापासून फ्रिजच्या अंगावर दोनशे तीस वोल्ट उभे राहिले असते, सकाळी दूध काढायला ही अनवाणी गेली असती, आणि तीन दिव्यांनी सांगितलं असतं की ठीक आहे.

"तारा कितीदा बदलल्या, गुरुजी?"

"चारदा."

त्याने बल्बकडे पाहिलं. बल्ब म्हणत होता, तीनदा.

मग मेन पाडून त्याने झाकण खोललं, तो हिरवा तुकडा उपसून तळहातावर घेतला आणि विचारलं, "ही कोणाची करामत?" मी तोंड उघडणार होतो की कंपनीची. पण ही चिकटपट्टीकडे बघत होती. त्या पट्टीवर शाळेच्या औषधपेटीचा शिक्का होता, पुसट, जांभळ्या शाईचा. आणि मला सगळं आठवलं.

पाच वर्षांपूर्वी फ्रिज नवा आला तेव्हा बसवायला आलेला माणूस म्हणाला होता की अर्थिंग नसेल तर फ्रिज लावणार नाही, उद्या परत येऊन तपासतो. तपासायची रीत त्याने सांगून ठेवली होती: फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावायचा, पेटला पाहिजे. आमच्या स्वयंपाकघरापर्यंत हिरवी तार मुळात पोचलीच नव्हती. बल्ब पेटेना. मग रात्री माझ्या लक्षात आलं की फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब पेटतो, तर न्यूट्रलचाच एक तुकडा अर्थिंगला जोडला की झालं! इन्सुलेशन टेप नव्हती, औषधपेटी होती. दुसऱ्या दिवशी बल्ब पेटला, माणूस समाधानाने गेला, आणि मी हिला म्हटलं होतं की या घरात कधीकधी डोकंसुद्धा चालतं.

कॉपी पकडण्यात माझा हात धरणारा मास्तर केंद्रावर नव्हता. आणि घरी मी स्वतःच अर्थिंगच्या पेपरवर न्यूट्रलचं उत्तर उतरवून दिलं होतं. आता तीन दिव्यांचा पर्यवेक्षक काय करणार? त्याला दोन पेपर सारखे दिसतात, दोघांमध्ये फरक नाही, डावा दिवा विझलेला. तो पास करून पुढे जातो. आणि मी फेज-न्यूट्रल उलटे केल्यावर कॉपी करणाराने निमूटपणे तेही उतरवून घेतलं. अर्थिंगवर फेज आला. फरक पुन्हा शून्य, दिवे पुन्हा तेच. उगीच नाही मला तो "होय गुरुजी" आठवला.

पण मुळात फ्रिज चावत का होता? वायरमन मीटरपाशी गेला, तिथली पेटी उघडली, आणि खुरासणीची चटणी सापडली. न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन तार काळीठिक्कर पडली होती. ढिल्या जोडातून प्रवाह रेटला की न्यूट्रलवर थोडे वोल्ट उभे राहतात. जेवढा मोठा भार तेवढे जास्त. माझ्या हिरव्या तुकड्याने ते इमानेइतबारे फ्रिजच्या पत्र्यावर पोचवले होते. "काकू, एक सांगा," तो हिला म्हणाला, "मिक्सरबिक्सर लावला की जास्त चावायचा का?"

"मिक्सरला थोडा," ही म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता, एकेक शब्द सुटा करून, "रॉडला कचकून."

"मग झालं की! काकूंनी आधीच ओळखलं होतं. गुरुजींना सांगितलं नाही का?"

मी चहा ठेवायला आत गेलो. स्लिपर काढून.

त्याने न्यूट्रल नव्याने कसला, मीटरपासून स्वयंपाकघरापर्यंत खरीखुरी हिरवी तार ओढली आणि मेनपाशी एक डबी बसवली, तीस मिलिअँपिअर इतकी वीज वाट चुकली तरी ती आपण होऊन पडते. तिच्यावर तपासणीचं एक बटण आहे. ते महिन्यातून एकदा दाबायचं असतं आणि ते दाबायचा अधिकार हिच्याकडे आहे. मीटरजवळचं जुनं अर्थिंग गंजून दोऱ्याएवढं राहिलेलं निघालं. पावसात जमीन ओली म्हणून निभलं, उन्हाळ्यात खरं नाही, असं तो म्हणाला. म्हणून दिवाळीनंतर तुळशीवृंदावनाशेजारी नवा खड्डा खणून, मुरमाशी दोन दिवस झटापट करून, अडीच मीटरचा नळ उभा पुरला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. मिठाची गोणी मी वाहिली. वीजकामातलं तेवढंच माझ्याकडे आलं.

तेवढंच म्हणजे, आणखी एक. चैत्र-वैशाखात जमीन वाळली की अर्थिंगला रोज बादलीभर पाणी घालावं लागतं, ते काम माझं आहे. परवा संध्याकाळी असाच घालत होतो. कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी डोकावून पाहिलं. त्यांना तिथे ना रोप दिसलं ना आळं, नुसतं सिमेंटचं झाकण आणि त्यावर मन लावून पाणी घालणारे गुरुजी.

"गुरुजी, काय लावलंय ओ तिथं?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात ही आतून म्हणाली, "अक्कल पेरलीय. उगवते का बघतायत."